आज वाचलेल्या अकरा कथा

कोवळं ऊन, गॅलरी आणि मांडीवर दिवाळी अंकांचा गठ्ठा. नाशिकच्या थंडीत रविवार असाच जावा. अकरा कथा वाचल्या. त्यातल्या चार कथांत मुलगा अमेरिकेत आणि म्हातारा फ्लॅटमध्ये एकटा! चौथ्या म्हाताऱ्याने खिडकीशी खुर्ची ओढली तशी मी थेट शेवटच्या पानावर गेले. वाटलं तेच, फोन वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही. समासात आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने लिहिलंय, 'परत?' जिवाला बरं वाटलं.

एक कथा मात्र डोक्यातून जाईना. निफाडकडची द्राक्षबाग, फळासाठीची गोडी छाटणी झालेली. कोंब फुटावेत म्हणून वेलींच्या डोळ्यांना पेस्ट लावून लावून मजूर बाईची बोटं भाजलीत, म्हणून घरी भाकरी थापायला ती धाकट्या लेकीला बसवते. पोरीची पहिली भाकरी तव्यावर फाटते. एवढंच. रडारड नाही, भाषण नाही.

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. इतक्या वर्षांत द्राक्षाची छाटणी शिकलो आपण, कथेची कधी शिकणार? तीस पानांची कथा बारा पानांत मावली असती हो!

अंक बुधवारी परत करायचेत. त्याआधी ती भाकरीची कथा आईला वाचून दाखवते.