आमची वाटचाल: चंद्र आहे तेवढ्याच लांब

साताऱ्यात आमचं शालेय साहित्याचं दुकान. नकाशे, परीक्षानळ्या, मानवी सापळा, पृथ्वीगोल. पुठ्ठ्याचे व्हीआर चष्मे (आत मोबाइल ठेवून डोळ्यांना लावले की आपण त्या दृश्याच्या आतच उभे आहोत असं वाटतं) स्वस्तात मिळू लागले तेव्हा तेही ठेवले, आणि हळूहळू दुकानापेक्षा शाळांत जाऊन चष्म्यातले धडे दाखवण्याचं कामच वाढलं. सुरुवातीला जगभर चालणाऱ्या एका मोफत अ‍ॅपवर भागत होतं. २०२१ मध्ये ते बंद झालं आणि धडे स्वतः तयार करणं भाग पडलं. मराठीतून, आपल्या पाठ्यपुस्तकाला धरून.

पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमाला आहे. चित्रात चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो. पानावर जागाच तेवढी. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये तीस पृथ्व्या ओळीने मावतील. आम्ही धड्यात तेच प्रमाण ठेवलं. त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर चंद्र जेमतेम पाच-सहा ठिपक्यांचा दिसतो. एक मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, चंद्र सापडतच नाही. जरा मोठा करा की." नाही केला. मुलं माना वळवून शोधतात, सापडला की ओरडतात, आणि "एवढा लांब?" हे विचारायला कुणी सांगावं लागत नाही. पुढचं शिकवणं बाईंचं किंवा सरांचं.

दुसरा धडा लोणारचा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर. चंद्रावरही बेसॉल्ट आणि विवरं आहेत, म्हणून हा धडा चंद्रानंतर लगेच घेतो. काठावर उभं राहून चहूबाजूंचं चित्रण केलंय. मुलाला दरीवरून उडवत नेण्याचा मोह टाळला: डोळ्यांना वेग दिसतो, आतल्या कानाला जाणवत नाही, आणि मळमळायला लागतं. म्हणून मुलं सतरंजीवर बसलेली, आणि खेळ पाच मिनिटांचा.

मटकीला मोड येताना दाखवणारा धडा अनेक शाळा मागतात. तो आम्ही बनवत नाही. ओल्या फडक्यात मटकी बांधा, दुसऱ्या दिवशी बघा. त्याला चष्मा कशाला?

तिसरी-चौथीच्या मुलांनाही चष्मा लावत नाही. मेटाने (फेसबुकवाली कंपनी) २०२३ मध्ये आपल्या क्वेस्ट या व्हीआर चष्म्याची वयाची अट १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली. आठ वर्षांच्या मुलाला आम्ही कशाच्या जोरावर लावायचा? त्यांना तेच दृश्य भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवतो. यामुळे काही ऑर्डरी हातच्या गेल्या, विशेषतः गॅदरिंगच्या दिवसांत.

बाकी कामाची तऱ्हा साधी. सगळे धडे मोबाइलमध्ये उतरवून नेतो, कारण नेटचा भरवसा नाही. चार्जिंग रात्रीच आमच्याकडे होतं. कपाळाला टेकणारी पट्टी प्रत्येक मुलामागे बदलतो (उवांचा विषय कुणी काढत नाही, पण असतो). अर्धा वर्ग चष्म्यात असताना उरलेला अर्धा चेंडू आणि बॅटरी घेऊन दिवस-रात्र करून बघतो.

सध्या ग्रहणांच्या धड्याचं काम चालू आहे. शाळांना एकच अट असते: तासाला वर्गशिक्षक वर्गात हवेत. चष्मे ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा, असं काम आम्ही घेत नाही.