बंद पत्राचा आग्रह

आपल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर पाठवा, असं पत्र आलं तेव्हा संपादक मंडळाने विषयही सुचवला होता : माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांची कामगिरी. विषय योग्यच आहे, अभिमानाने सांगावं असं आपल्याकडे पुष्कळ आहे. पण लिहायला बसल्यापासून आमचं फील्डवर्क, म्हणजे वस्त्यांमधलं प्रात्यक्षिक काम, तपासणाऱ्या सुपरवायझर मॅडमच डोळ्यांसमोर येताहेत, तेव्हा त्यांच्याबद्दलच जास्त लिहिलं जाणार. त्यांचं नाव देत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि फॅमिली अँड चाइल्ड वेल्फेअर या शाखेच्या आमच्या वेळच्या मुलामुलींना ते सांगायची गरजही नाही.

आधी कामगिरीचं. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेव्हा समाजकार्य हे शिकून करायचं काम आहे हेच लोकांना पटवावं लागत होतं. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट तिथल्या वस्तीत नेबरहुड हाउस हे समाजकेंद्र चालवायचे, त्यातून ही शाळा उभी राहिली. १९४४ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळालं, १९५४ मध्ये संस्था देवनारला आली, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. फाळणीनंतर आपली माणसं कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत गेली, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत पुनर्वसनाच्या कामाला लागली. मा. स. गोरे सर आपले संचालक असताना केंद्र सरकारने पोलिस प्रशिक्षणावरची समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली. पोलिसाला कसं घडवावं हे समाजकार्याच्या प्राध्यापकाला विचारलं जातं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे १९८४ मध्ये आपल्या संस्थेने मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पोलिसांच्याच इमारतीत समाजकार्यकर्ती टेबल मांडून बसते, ही कल्पना तेव्हा अनेकांच्या गळी उतरत नव्हती. आज हेच सेल राज्य सरकारच्या महिला व बालविकास विभागामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात. आमच्या वेळच्या संचालक अरमायटी देसाई पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. मेधा पाटकर आपल्या, १९९६ मध्ये अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन नंबर सुरू करणाऱ्या जेरू बिलिमोरियाही आपल्याच. ही सगळी नावं इतर लेखांत येतीलच, म्हणून मी इथेच थांबते.

मॅडमचं नाव अशा कुठल्याच यादीत नसतं. त्यांच्या नावावर जाडजूड पुस्तक नाही, पुरस्कार नाही. त्या आठवड्याचे दोन दिवस आमच्याबरोबर फील्डवर्कला यायच्या आणि उरलेले दिवस आमची रेकॉर्डिंगं, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी नोंदी, वाचायच्या. सोमवारी दिलेलं रेकॉर्डिंग गुरुवारच्या आयसीला, म्हणजे मॅडमबरोबरच्या एकेकटीच्या चर्चेला, हातात पडायचं, तेव्हा समासात आमच्याइतकाच मजकूर त्यांचाही असायचा. बारीक, सरळ अक्षर, शिसपेन्सिलीने लिहिलेलं. लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही. बहुतेक ओळी म्हणजे प्रश्न असायचे. 'हे त्या म्हणाल्या की तुला वाटलं?' 'त्या गप्प बसल्या, असं लिहिलं आहेस. किती वेळ? तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?' आमच्या तुकडीतल्या मुली आयसीच्या आदल्या दिवशी हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसून या प्रश्नांचीच तयारी करायच्या.

मला फील्डवर्कसाठी प्लेसमेंट मिळाली होती ती एका वस्तीतल्या कुटुंब सल्ला केंद्रात. बाई तक्रार घेऊन आली की नवऱ्याला आणि सासरच्यांना बोलावून घ्यायचं, ही तिथली रीत. बोलावण्यासाठी छापील पोस्टकार्डांचा गठ्ठा कपाटात असायचा. वर केंद्राचं नाव, खाली 'आपल्या पत्नीने केलेल्या तक्रारीसंदर्भात अमुक तारखेला हजर राहावे', नाव आणि तारीख तेवढी भरायची. पोस्टकार्ड स्वस्त, काम झटपट. मॅडमनी एक कार्ड उचललं, उलटसुलट वाचलं आणि मला विचारलं, "हे घरी कोण नेऊन देतं?" मी म्हटलं, पोस्टमन. "घरापर्यंत?" तेव्हा लक्षात आलं की घरापर्यंत नाहीच. वस्तीत घरांना नंबर धड नव्हते, पोस्टमन सगळी टपाल नाक्यावरच्या किराणा दुकानात टाकून जायचा. ज्याचं असेल त्याने तिथून न्यायचं. म्हणजे कार्ड नवऱ्याच्या हाती पडेपर्यंत दुकानदाराने, त्याच्या गिऱ्हाइकांनी, शेजारच्या पोरांनी ते वाचून झालेलं. चारचौघांत मान खाली गेलेला माणूस घरी येणार आणि त्याचा हिशेब त्या रात्री त्या बाईशी चुकता करणार.

मॅडम केंद्राच्या प्रमुखांशी बोलल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून ती कार्डं बंद झाली. आंतर्देशीय पत्रं आली. पाठवणाऱ्याच्या जागी केंद्राचं नाव नाही, नुसता पत्ता. मजकूर हाताने लिहायचा आणि त्यात 'तक्रार' यायची नाही : आपल्याशी काही बोलायचं आहे, आपल्या सोयीचा दिवस कळवावा, सुट्टी मिळत नसेल तर आम्ही संध्याकाळी थांबू. खाली आमची सही. चिकटवण्यापूर्वी पत्र त्या बाईला वाचून दाखवायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या. हे पत्र पाठवायचं का? कोणत्या दिवशी पोचलेलं चालेल? त्या रात्री तुम्ही आणि मुलं कुठे असाल?

एक बाई आठवतात. त्या शिवणकाम करायच्या. पत्र ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "पगाराच्या दिवशी नको. त्या दिवशी ते पिऊन येतात. शनिवारी पोचू दे, रविवारी माझा भाऊ येतो." मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. म्हणजे आता त्या सांगतील तसं कर. गुरुवारी दुपारी मी ते पत्र पोस्टाच्या पेटीत टाकून आले. भाऊ रविवारी आला, मंगळवारी नवरा केंद्रात आला आणि पाऊण तास बसून बोलला. त्यांचं पुढे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात त्या बाईंच्या अंगावर हात पडला नाही. मॅडमनी माझ्या रेकॉर्डिंगवर त्यादिवशी एकच ओळ लिहिली : 'वार त्यांनी ठरवला, हे नोंदव.'

स्वयंनिर्णय, गोपनीयता ही तत्त्वं आम्हाला वर्गात शिकवली होती, परीक्षेत मी ती उत्तम लिहिलीही. ती हातात आली ती मात्र त्या पत्रांमुळे.

पुढे महिलांच्या प्रश्नांवरच काम करत राहिले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आल्यापासून संरक्षण अधिकाऱ्यांना (या कायद्याखाली पीडित बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना) आणि समुपदेशकांना प्रशिक्षण देते. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत माझ्या हाताखाली शिकलेली कोणी ना कोणी आहे, याचा मला मोठा आनंद आहे. या कायद्याच्या नियमांत नमुना ५ म्हणून सुरक्षितता योजना दिली आहे. पुन्हा हिंसा होण्याची भीती कशाची, ती टाळायला काय करायचं, हे बाईशी बोलून भरायचं असतं. तो नमुना पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क झाले. मॅडम आमच्याकडून तेच विचारून घेत होत्या, कायद्याच्या कितीतरी वर्षं आधी, एका आंतर्देशीय पत्रासाठी. कलम १३ खाली न्यायालयाची नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने साधारण दोन दिवसांत बजावायची असते. माझं प्रशिक्षण तिथूनच सुरू होतं : नोटीस ज्या दिवशी घरात पडेल त्या रात्री ती बाई कुठे झोपणार आहे?

आता काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रशिक्षणाला येणारी मुलंमुली हुशार आहेत, कायदा त्यांना पाठ असतो. पण बोलावणं व्हॉट्सॲपवर जातं, आणि घरातला फोन कोणाच्या हातात असतो हे विचारायचं राहून जातं. पुन्हा तेच उघडं पोस्टकार्ड. १०९८ ची व्यवस्था २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे गेली. सरकारने जबाबदारी घ्यावी हे मलाही मान्य आहे, आपण तर त्यासाठीच भांडत होतो. तरी फोन उचलणाऱ्याच्या मागे रोज बसून त्याची नोंद ओळीओळीने वाचणारं कोणी आहे का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. यंत्रणा उभी करायला कायदा आणि पैसा लागतो, पण पेन्सिल घेऊन बसणारं माणूस मिळालं नाही तर ती कोरडी पडते. असं माणूस घडायला वर्षं लागतात, आणि सगळीकडेच अभ्यासक्रमातलं फील्डवर्क आक्रसत चाललेलं दिसतं.

संपादक मंडळाला म्हणूनच दोन गोष्टी सुचवते. या स्मरणिकेत नामवंतांच्या यादीबरोबर फील्डवर्क सुपरवायझरांचीही वर्षवार यादी छापावी, संस्थेतल्यांची आणि वस्त्यांमधल्या केंद्रांतल्यांचीही. जुन्या तुकड्यांनी आठवून नावं कळवली तर ती सहज भरेल, आमच्या तुकडीची मी पाठवते. आणि महोत्सवानिमित्त जमणाऱ्या देणग्यांतला काही भाग विद्यार्थ्यांच्या फील्डवर्कच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवावा. माझी देणगी त्याच कामाला जावी, असं सोबतच्या पत्रात लिहिलं आहे.