सट्टापट्टीची शिक्षा आणि मोबाइलवरचा जुगार

यवतमाळ जिल्ह्यातील तालुका न्यायालयांत वकिली करताना जुगाराची प्रकरणे एकाच तऱ्हेने संपताना दिसतात. सट्टापट्टीच्या (चिठ्ठीवर आकडा लावण्याच्या) अड्ड्यावर किंवा कोंबडबाजारात (कोंबड्यांच्या झुंजीवरील जुगारात) धरलेला शेतमजूर, कापूस वेचणीच्या दिवसांत तारखांपायी मजुरी बुडू नये म्हणून, गुन्हा कबूल करून मोकळा होतो. त्याच्या नावावर दोषसिद्धी मात्र कायमची राहते.

त्याला लागणारा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. तेव्हा विदर्भ मुंबई इलाख्यात नव्हताच. १९५६ नंतर आपण मुंबई राज्यात आलो आणि मागून हा कायदा आला. त्यानुसार अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि छाप्यात जुगाराचे साहित्य मिळाले की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो खेळायलाच आला होता असे गृहीत धरले जाते. याउलट २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला, पण खेळणाऱ्याला शिक्षाच ठेवली नाही. हे धोरण मला योग्य वाटते, कारण व्यसनाने बुडालेल्या माणसाला तुरुंगात टाकून त्याच्या घराचे काहीच सावरत नाही. मग हाच विचार चिठ्ठीवर आकडा लावणाऱ्या मजुराला का लागू नये?

समानतेची हमी देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद १४ चा आधार लगेच सुचतो, पण तो सरळ चालत नाही. एका विधिमंडळाचा कायदा दुसऱ्याच्या कायद्याशी ताडून भेदभावाचा ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मंडावर प्रकरणात सांगितले आहे, आणि जुगार हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्याने कायदा करायचा, विषय आहे. म्हणून मला दुसरी वाट अधिक भक्कम वाटते. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात, मुंबई भाडे नियंत्रण कायद्यासंबंधी, याच न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केले की एकेकाळी वाजवी असलेली तरतूद काळ बदलल्यावर मनमानी ठरू शकते. शिक्षेची तरतूदही घटनेच्या कसोटीवर तपासली जाते, हे १९८३ च्या मिठू निकालाने दाखवले. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशी सक्तीची करणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ त्यात रद्द झाले. दोन्ही सूत्रे जोडली तर १८८७ च्या कायद्यातील खेळणाऱ्याची शिक्षा आणि ते गृहीतक यांना आव्हान देता येईल.

अडचण अशी की कबुलीने संपलेले प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचतच नाही. मात्र प्रकरणाचा निकाल ज्या कायद्याच्या वैधतेवर अवलंबून आहे तो अवैध असल्याचे न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाले, तर कारणे नोंदवून तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तसा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो दाखल करण्यासाठी पहिल्या तारखेला कबुली न देणारा आणि पुढच्या तारखांना येऊ शकणारा पक्षकार हवा, आणि अशा पक्षकाराकडून मी फी घेणार नाही.