गायमुखच्या चढावर कूलंटचा लाल दिवा: माझा अनुभव

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. त्याचे डॅशबोर्डवरचे दिवे सगळे सारखे नसतात. लाटांत बुडालेल्या थर्मामीटरचं चिन्ह लाल झालं तर इंजिन तापलंय. सकाळी तेच निळं दिसलं तर इंजिन अजून थंड आहे, एवढंच. काही गाड्यांत कूलंटची पातळी खाली गेल्याचा दिवा वेगळा असतो. माझा लाल होता आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुखचा चढ होता, गाड्यांची रांग जेमतेम सरकत होती.

एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर फुल्ल. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण रेडिएटर म्हणजे कूलंट गार करणारी जाळी, आणि हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. शिवाय बिघाडाचं निदान इथेच होतं. गरम हवा आली तर कूलंट फिरतंय, जागा मिळेपर्यंत सावकाश कडेला जाता येतं. दिवा लाल आणि हवा मात्र थंड, तर कूलंट संपलंय किंवा ते फिरवणारा पंप गेलाय. मग मागचे कितीही हॉर्न वाजवोत, इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. तेव्हा तापमानाच्या काट्यावरही विसंबू नये. सेन्सर कोरडा पडला की काटा खाली येऊ शकतो.

मला गरम हवा मिळाली. कडेला घेऊन इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, पाऊण तास कूलंटच्या कॅपला (झाकणाला) हात लावला नाही. कॅप साधारण 1 बार दाब धरते, म्हणून आतलं कूलंट 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. कॅप सैल केली की दाब जातो आणि उकळतं कूलंट अंगावर उडतं. रेडिएटरवर हवा खेचणाऱ्या पंख्यापासूनही बोटं लांब ठेवायची, इंजिन बंद असतानाही तो फिरू लागतो. रेडिएटरचा वरचा होज पाइप निवून मऊ लागल्यावर जाड फडकं टाकून कॅप पाव फेरा फिरवली, फुसफुस थांबू दिली, मगच काढली.

पातळी टाकीवरच्या ‘मिन’ खुणेच्या खाली होती. पाणी घातलं ते इंजिन निवल्यावर. तापलेल्या हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, थंड पाणी लागलं तर ते वाकतं किंवा तडकतं. अडचणीत बाटलीचं पाणी चालतं, बोअरवेलचं नको, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

कारण शोधताना एकच प्रश्न कामाचा: गाडी जाममध्ये तापते की वेगात? वेगात तापली तर कूलंटची गळती, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप), पंप किंवा चोक झालेला रेडिएटर बघायचा. माझी जाममध्ये तापली, जिथे वेगाचा वारा नसतो, म्हणजे पंखा. इंजिन चालू करून एसी लावला तरी पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत होता. मग पंख्याला वीज देणारा रिले, म्हणजे छोटा स्विच, काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावला आणि पंखा फिरला. नवा रिले स्वस्तात येतो. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, उडाली असती तर खर्चाला अंत नव्हता.

गॅरेजमध्ये ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ असा सल्ला मिळतो. ऐकू नये. इंजिन कायम थंड राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

नंतर सिस्टम फ्लश करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या जातीचं कूलंट भरलं, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मंनिम्मं. रंगावरून जात ठरत नाही. रेडी मिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. गार इंजिन कॅप उघडी ठेवून, हीटर गरमवर करून चालू केलं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत हवेचे बुडबुडे निघू दिले. पुढचा आठवडाभर सकाळी गार इंजिनवर पातळी बघितली. गळती दिसत नसताना ती उतरत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कूलंट सांडलं तर लगेच धुऊन काढा. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल त्यांना मारतं.