चार पॉइंट शून्य

नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पंप ताशी चार मिलिलिटरवर चालवायचा होता, तो चाळीसवर चालला. पहाटे पाचच्या सुमारास सिरिंज संपत आली, रात्रपाळीच्या सिस्टरने नवी भरून लावली, रेट पुन्हा टाकला आणि पॉइंटचं बटण नीट दाबलं गेलं नाही, ४.० चं ४० झालं. पेशंट साठीचे, न्यूमोनियाचा संसर्ग रक्तात पसरलेला, व्हेंटिलेटरवर. त्यांचं बीपी या औषधावरच टिकून होतं. दहापट वेगाने औषध गेल्यावर मॉनिटरवरचा वरचा आकडा बघता बघता दोनशेच्या पुढे गेला. अलार्म वाजला तेव्हा ती शेजारच्या बेडवर सक्शन करत होती. धावत आली, पंप थांबवला, रजिस्ट्रारना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, हाक मारली आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "सर, माझ्याकडून चाळीस पडलंय."

ते एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. कारण माहीत असल्यामुळे रजिस्ट्रारनी बीपी उतरवायचं दुसरं औषध दिलं नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो. बीपी खाली आलं, मग योग्य रेटने पंप पुन्हा चालू केला. डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, ईसीजी काढला. पेशंटना इजा झाली नव्हती. सकाळी नातेवाइकांना बोलावून रजिस्ट्रारनी घडलं ते सरळ सांगितलं.

मी त्या आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. साडेसातला पोहोचले तेव्हा पेशंट स्थिर होते आणि ती लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्याला टेकून उभी होती. मधले अडीच तास तिने त्याच दोन्ही पेशंटचं सगळं केलं होतं, कारण तिच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं. दोन पेशंट तिच्याकडे आले तेही रात्रीची एक सिस्टर आजारी पडली म्हणून. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटला स्वतंत्र सिस्टर हवी, हे आमच्या कामात सर्वांना मान्य आहे. रात्री ते किती ठिकाणी पाळलं जातं, हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा.

"ताई, माझं रजिस्ट्रेशन जाईल का? घरी कळवतील का?" तिने एवढंच विचारलं. लातूरकडची मुलगी, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं, पगारातला निम्मा भाग घरी जाणारा.

मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पहिलं सांगितलं ते पेशंटबद्दल, कारण तिला ते आधी ऐकायचं होतं: बीपी बरोबर आहे, बाहुल्या बरोबर आहेत. मग म्हटलं, "हँडओव्हर मी देते, तू उठू नकोस." काय झालं, कसं झालं, हे मी विचारलं नाही. धक्का बसलेल्या माणसाला लगेच बसवून सगळं पुन्हा बोलायला लावलं की त्याचं मन मोकळं होतं, अशी समजूत आहे. अभ्यासांत मात्र अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळतो असं दिसलेलं नाही, काही जणांना उलट जास्त त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ सालची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तीनच गोष्टी सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे त्या माणसाला आत्ता काय हवंय ते बघा, तो बोलला तर ऐका, न बोलला तर खोदू नका आणि त्याच्या आधाराच्या माणसापर्यंत त्याला पोहोचवा.

तेवढ्यात कार्यालयातून निरोप आला, घरी जाण्यापूर्वी लेखी खुलासा द्या. मी खाली जाऊन सांगितलं, खुलासा उद्या मिळेल, ती झोपून उठल्यावर. "मॅडम, नियम आहे," ते म्हणाले. घटनेचा फॉर्म रजिस्ट्रारनी आणि मी भरलेला होता, पंपाची नोंद पंपातच होती, लपण्यासारखं काही उरलं नव्हतं. रात्रभर जागलेल्या, हात थरथरणाऱ्या मुलीकडून काय लिहून घेणार? ती लिहिणार, "सर्व चूक माझी आहे." तो कागद फाइलला लागला की दोन पेशंट तिच्याकडे का होते, हा प्रश्न तिथेच संपतो. मी हटले नाही. आमचे आयसीयूचे मुख्य डॉक्टर सोबत आले, म्हणून ते मान्य झालं.

तिला स्कूटर चालवू दिली नाही. तिची रूममेट आमच्याच डायलिसिसमध्ये आहे. तिची ड्यूटी बदलून घेतली आणि दोघींना रिक्षाने पाठवलं. दुपारी मी फोन केला तेव्हा ती झोपली नव्हती. डोळे मिटले की अलार्म ऐकू येतो म्हणाली.

अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की, चुकीचा पहिला बळी पेशंट आणि दुसरा ती चूक ज्याच्या हातून घडली तो डॉक्टर. नर्सिंगमध्ये हे मी अनेकदा बघितलंय. हुशार मुली आयसीयू सोडून गेल्या, काही नर्सिंगच सोडून गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्यातल्या काही गप्प राहायला शिकल्या. त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटते. पंप थांबवून, आकडा गुपचूप दुरुस्त करून "बीपी अचानक वाढलं" असं सांगणं किती सोपं होतं! मग डॉक्टर कारण शोधत बसले असते, नको ते औषध गेलं असतं.

समुपदेशक आमच्याकडे आहेत, चांगल्या आहेत. पण त्यांची खोली एचआरच्या दाराला लागून. तिथे कोण गेलं हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळतं, त्यामुळे कोणी जात नाही. मी तिला टेलिमानसचा १४४१६ नंबर दिला. मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिने फोन केला की नाही ते मी विचारलं नाही. काही दिवसांनी तीच म्हणाली की केला होता, त्यांनी मानसोपचार ओपीडीत जायला सुचवलंय आणि त्यासाठी दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ का? मी म्हटलं, जरूर जा, ड्यूटी मी लावून देते.

कामावर परत आली तेव्हा पहिला आठवडा तिला एका सीनियर सिस्टरसोबत ठेवलं. वॉर्डात मी सगळ्यांसमोर विषय काढला तो पंपाचा. आता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, इन्सुलिन, पोटॅशियम अशा औषधांचा रेट दोघींनी बघायचा आणि एकीने मोठ्याने वाचायचा: "चार पॉइंट शून्य." पहिल्यांदा ते मोठ्याने वाचताना तिचा आवाज अडला. दुसरीने थांबून घेतलं, घाई केली नाही.

चौकशी समितीने तिला समज देऊन प्रकरण मिटवलं. मनुष्यबळाबद्दल माझं टिपण अहवालाला जोडलंय, पण शिफारशींत ते आलं नाही. रात्रीसाठी एक राखीव सिस्टर आणि समुपदेशकांना वेगळ्या मजल्यावर खोली, या दोन मागण्यांचा स्वतंत्र अर्ज मी मेट्रनच्या सहीने वर पाठवला आहे. खोलीचं जमेल म्हणतात. राखीव सिस्टरसाठी पुढच्या महिन्याच्या बैठकीत बोलायची वेळ मागितली आहे आणि त्या रात्रीचा ड्यूटी चार्ट सोबत नेणार आहे.