तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडात रविवारी चर्च, आणि मग बाग

सोलापुरात हा प्रश्न बहुधा उपासना सुटल्यावर, चर्चच्या फाटकापाशीच निघतो. घरातलं कुणीतरी शिकायला नाहीतर नर्सिंगच्या नोकरीला इंग्लंडला निघालेलं असतं, व्हिसा हातात आलेला असतो, आणि आई विचारते, "आठवडा जाईल हो कामात. रविवारचं काय? आपल्यासारखं चर्च मिळतं का तिकडं?"

मिळतं. पण तिकडचा रविवार शनिवारीच ठरवावा लागतो, हे आधी सांगितलेलं बरं. रविवारी बसगाड्या कमी धावतात. रेल्वेरुळांची दुरुस्ती बरेचदा शनिवार-रविवारी काढतात, मग गाडीऐवजी बस मिळते आणि अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागतो. दुकानांचंही तसंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्यानं २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात फक्त सहा तास उघडता येतं. बागेतून साडेपाचला परतताना दूध घेऊ म्हणाल, तर मोठं दुकान बंद झालेलं असतं. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उघडी असतात, पण त्यांचे भाव चढे. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं जातात. मोबाइल आपोआप बदलतो, भिंतीवरचं नाही. त्यावर विसंबणारा माणूस नेमका शेवटच्या गीताला आत शिरतो.

आता चर्च. सोलापूरची जुनी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली आणि ते मिशन काँग्रिगेशनल वळणाचं, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच बघायचा. पुढं १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं. या दोन्ही धाग्यांची टोकं तिकडं सापडतात. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन १९७२ मध्ये झालेलं युनायटेड रिफॉर्म्ड चर्च हे एक. दुसरं चर्च ऑफ इंग्लंड, ज्याच्याशी सीएनआयचा पूर्ण सहभागितेचा संबंध आहे, म्हणजे एकाच्या सभासदाला दुसऱ्याकडं प्रभुभोजन घेता येतं. मेथडिस्टही परके नाहीत. तरी पाटीवरच्या नावापेक्षा दोन गोष्टी बघाव्यात असं आमचं मत. एक, घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांत पोचता यावं, कारण बसवर भरवसा ठेवला की पावसाळी रविवारी जाणं सुटतं. दोन, उपासनेनंतर चहा असावा. ओळखी बाकावर होत नाहीत, त्या हातात कप आल्यावर होतात. आशीर्वाद झाला की कोट चढवून निघणारा माणूस वर्षभर गेला तरी अनोळखीच राहतो. एका चर्चला सलग तीन-चार रविवार जाऊन बघावं आणि मगच दुसरं शोधावं.

प्रभुभोजनाची पद्धत मात्र आधी माहीत असलेली बरी. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये वेदीच्या कठड्याशी जाऊन हातावर भाकर घेतात आणि प्याला सगळ्यांना मिळून एकच. त्यातला द्राक्षारस आंबवलेला, म्हणजे खरी वाइन असते. नको असेल तर भाकर घेऊन उठावं, तेवढ्यानंही प्रभुभोजन पूर्ण मानतात. नुसता आशीर्वाद हवा असेल तर हात छातीवर आडवे घेऊन पुढं जायचं. मेथडिस्ट आणि युनायटेड रिफॉर्म्डमध्ये साधारणपणे छोटे वेगवेगळे प्याले आणि बिनअल्कोहोलचा रस असतो. रोमन कॅथलिक चर्चमध्ये आपण प्रोटेस्टंटांनी प्रभुभोजन घ्यायचं नसतं, तिथं आशीर्वादासाठीच पुढं जावं. डोक्यावर पदर घेतला तर कुणी काही म्हणत नाही, न घेतला तरी नाही. गीतांचं म्हणाल तर शब्द इंग्रजी असले तरी निम्म्या चाली कानाला ओळखीच्या निघतात, कारण आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या बऱ्याच गीतांच्या चाली तिकडूनच आल्यात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग मात्र तिथं भेटणार नाहीत. ती भूक मराठी मंडळींच्या घरगुती प्रार्थनासभेतच भागते.

अर्पणाच्या वेळी थाळी येते, नाहीतर दाराशी कार्ड लावायचं यंत्र असतं. सोबत 'गिफ्ट एड'चं पाकीट देतात. त्यावर सही केली की तुमच्या एका पौंडावर चर्चला सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. ही रक्कम तुम्ही भरलेल्या करातून जाते. म्हणून नोकरी करणाऱ्यानं जरूर सही करावी, पण काहीच कर न भरणाऱ्या विद्यार्थ्यानं करू नये. भरलेल्या करापेक्षा जास्त रक्कम निघाली तर फरक देणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. भक्तिभावानं केलेली सही नंतर महागात पडायला नको.

कधीकधी उपासनेनंतर सामुदायिक जेवण असतं आणि प्रत्येकानं एक पदार्थ न्यायचा असतो. सोलापूरकराचा हात अर्थातच शेंगाचटणीच्या डब्याकडे जातो. इथं जरा जपून. तिकडं शेंगदाण्याची ॲलर्जी हा गमतीचा विषय नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं. कुटलेल्या चटणीची भुकटी उडते आणि तोच चमचा शेजारच्या भाजीत जातो, घोळ होतो तो तिथंच. डब्यावर 'शेंगदाणे आहेत' असं ठळक इंग्रजीत लिहावं, चमचा वेगळा ठेवावा, आणि लहान मुलं बरीच असतील तर त्या दिवशी चटणी घरीच ठेवून मसालेभात न्यावा. कडक भाकरी न्यायला हरकत नाही, फक्त ती मोडून खायची असते हे सांगावं लागतं. सोलापूरहून नेताना भाकरी आणि चटणी चालते. पेढे, खवा, तूप बॅगेत घालू नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे.

मग बाग. आपल्याकडं 'पार्क' म्हटलं की पार्क चौक आणि तिथलं स्टेडियम आठवतं. तिकडच्या पार्कात माणसं चक्क उन्हात लोळायला जातात. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणाऱ्याला हे वेड वाटतं, पण त्यामागं हिशेब आहे. साधारण ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हातून त्वचेला पुरेसं ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. म्हणून हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिटची गोळी घेण्याचा विचार करावा असं तिथली आरोग्यसेवा सांगते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर.

ऊन दिसलं म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. एप्रिलात लख्ख ऊन आणि बारा अंश असं दोन्ही एकदम असतं, आणि ढग आला की पाच मिनिटांत हात गारठतात. बसायला सोलापुरी चादर नेण्याची हौस सगळ्यांनाच असते. चादर उत्तम, पण सुती. गवत वरून कोरडं दिसलं तरी खालची माती ओली असते आणि सूत ते पाणी ओढून घेतं. पंधरा मिनिटांत बसणाऱ्याला कळतंच. खाली प्लॅस्टिकची जाड शीट घाला, ती चादरीच्या चारी बाजूंनी वीतभर बाहेर राहिलेली, म्हणजे कडेनं पाणी वर येत नाही. भिजलेली चादर खोलीत वाळायला दोन-दोन दिवस लागतात.

मे-जूनमध्ये डोळे खाजले, शिंका सुटल्या तर सर्दी समजून काढा पीत बसू नका. गवताचे पराग असतात ते. मेडिकलमध्ये ॲलर्जीची गोळी विनाचिठ्ठी मिळते. शेगडी पेटवायच्या आधी फाटकावरची पाटी वाचा, बऱ्याच बागांत बंदी असते. कुत्री मोकळी फिरतात, तेव्हा डबे झाकलेले ठेवा. क्रिकेट टेनिस बॉलनंच. फोटो काढताना दुसऱ्यांची मुलं चौकटीत नकोत, बागेतही आणि चर्चमध्येही.

राहिला घरचा फोन. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. जूनमध्ये लंडनला रात्री सव्वानऊच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सोलापुरात जेवणं आवरून रात्री साडेनऊला फोन लावलात तर तिकडं पाच वाजलेले असतात आणि मागं झाडांवर चांगलं ऊन दिसतं. डिसेंबरात त्याच साडेनऊला तिकडं चार वाजतात आणि अंधारायला लागलेलं असतं. तेव्हा हिवाळ्यात बाग बघायचीच असेल तर इथल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन करा, तिकडं चर्चमधला चहा नुकताच संपलेला असतो.