पांढऱ्या पोटाचं विमान

विमानाचे तीन पाय टेबलाला टेकले आणि चौथा अधांतरी राहिला. उजवीकडे दाबलं की डावा वर, डावीकडे दाबलं की उजवा. चहाच्या गाड्यापुढचं बाकडं डुगडुगतं तसं माझं लढाऊ विमान डुगडुगत होतं.

सी हॅरियरचं प्लास्टिकचं मॉडेल जोडणाऱ्या बहुतेकांच्या नशिबी हा भोग असतो. इतर बहुतेक विमानं तीन पायांवर उभी राहतात आणि तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही. हॅरियरला मात्र नाकाखाली एक, पोटाखाली जोडचाकांचा एक आणि दोन्ही पंखांना काडीसारखे दोन, असे चार पाय. खऱ्या विमानाचे पाय वजनानं दबतात, एकमेकांना सांभाळून घेतात. प्लास्टिकचे पाय कोणाला सांभाळून घेत नाहीत. शेवटी पोटाखालचा पाय कापायचा ठरवला. आधी केसभर, मग आणखी केसभर. आमच्याकडे टेबलाचा पाय असाच कापता कापता टेबलाचा पाट झाला होता, त्यामुळे मी फार जपून होतो. मिलिमीटरभर गेल्यावर चारही चाकं टेकली. मी बायकोला हाक मारली. ती आली, म्हणाली, "आधी काय होतं?" आणि गेली.

आता हॅरियरच का, तर आम्ही गोव्यातल्या चिखलीचे. दाबोळीच्या धावपट्टीच्या कुशीत वाढलेलो. भारतीय नौदलाची पहिली तीन सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये तिथे, आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर उतरली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. ही विमानं हवेत थांबतात हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. थांबली की बाईही थांबायच्या. खडू फळ्याला टेकवलेला, तोंड फळ्याकडे. आवाज असा की तो कानांनी नव्हे, दातांनी ऐकू यायचा. मग तो ओसरायचा आणि बाई सहाच्या पाढ्यात जिथे होत्या तिथून पुढे निघायच्या. मे २०१६ मध्ये ही विमानं निवृत्त झाली आणि 'व्हाइट टायगर्स' या त्यांच्या तुकडीकडे मिग २९-के आली. मिगही कमी ओरडत नाही, पण ते हवेत थांबत नाही.

किट आलं ते एकास बहात्तर मापाचं. हे चमत्कारिक माप इंचाच्या हिशेबातलं आहे: सहा फुटांना एक इंच. म्हणजे सहा फुटी नौदल अधिकारी या जगात एक इंच उंच. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.७० मीटर, त्याला बहात्तरनं भागलं की १०७ मिलिमीटर. पट्टी लावली. बरोबर निघालं. आकारात खोट नव्हती, खोट राष्ट्रीयत्वात होती. खोक्यातलं विमान ब्रिटिश होतं आणि मला ते दाबोळीचं करायचं होतं.

हे काम वाटलं त्याहून लांबलं. ब्रिटिश विमानावर अमेरिकी साइडवाइंडर क्षेपणास्त्रं असायची, आपल्यावर फ्रेंच मॅजिक. मॅजिक जरा जाड. तिच्या नाकाजवळ पंखांचे दोन संच एकामागे एक, पुढचे पक्के, मागचे हलणारे. किटमध्ये अर्थातच ती नव्हती. खरी मॅजिक पावणेतीन मीटरांहून थोडी कमी, म्हणजे माझी ३८ मिलिमीटर. इअरबडची पोकळ काडी त्या जाडीला जवळपास पुरली, पंख श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापले. एकेक पंख तिळाएवढा. चिमट्यातून एक उडाला तो आजतागायत सापडलेला नाही. त्या दिवशी घरात केर काढायला मी बंदी घातली होती, ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

मग इंजिनाची तोंडं. हॅरियरचं पेगॅसस इंजिन चार तोंडांनी श्वास सोडतं आणि ही तोंडं खाली वळली की विमान उचललं जातं. मी चारही तोंडांभोवती हौसेनं काजळी फासली होती. नंतर लक्षात आलं की पुढच्या दोन तोंडांतून पंख्याची थंड हवा येते, जळका वायू फक्त मागच्या दोनांतून. म्हणजे पुढे मी फासलेलं काजळ विनाकारण. पुसलं.

सगळ्यात छळलं ते गालावरच्या झडपांनी. हवा आत घेणाऱ्या तोंडामागे दोन्ही बाजूंना झडपांची कमानदार रांग असते. विमान हळू चाललेलं किंवा थांबलेलं असताना इंजिनाला जादा हवा लागते, तेव्हा त्या ओढल्या जाऊन आत उघडतात. इंजिन बंद असलं की त्यांना धरणारं काही नसतं. वरच्या झडपा स्वतःच्या वजनानं आत लोंबतात, खालच्या मिटून राहतात. माझ्या किटात सगळ्या मिटलेल्या. उभं विमान असं दिसत नाही. दोन संध्याकाळी खर्चून वरच्या झडपा कोरून उघडल्या, खालच्या तशाच ठेवल्या. ही दुरुस्ती ओळखणारा माणूस माझ्या घरी कधी येणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

चाकांची ठेवण पाहायला एकदा बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातही जाऊन आलो. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन आहे, सी हॉक आहे, आलिझे आहे, पण मी हॅरियरच्या पंखाखाली उकिडवा. बायको म्हणाली, "अरे, इथून समुद्र दिसतो."

हे सगळं भर पावसात चाललं होतं, हा माझा मूर्खपणा. गोव्याच्या जुलैत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे रंग काय वाळणार! थिनरचा रंग फवारला की दमटपणानं त्यावर पांढुरकी साय धरायची. मग एका खोक्यात चाळीसचा दिवा लावला आणि विमान त्यात, पिल्लं ऊब घेतात तसं. सांध्यांतल्या फटी भरायला परदेशी पुट्टीची ट्यूब मागवणार होतो, पण वास्कोतल्या गॅरेजवाल्यानं गाडीला लावायची लांबीच डबीभर दिली. पैसे घेईना. विमानाला लावायची आहे म्हटल्यावर तो गंभीर झाला, म्हणाला, "पातळ थर द्या. जाड दिला की बसतो खाली."

काचेची कथा लाजिरवाणी आहे. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच मी घाईत झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवली. सकाळी पाहतो तर त्या गोंदाच्या वाफेनं काच आतून धुक्यासारखी पांढरी. दवबिंदू म्हणून खपवता येईल का, असाही विचार केला. शेवटी उचकटली, टूथपेस्ट लावून चार दिवस घासली आणि या खेपेला साध्या फेविकॉलनं बसवली.

शेपटीवर झेपावणारा पांढरा वाघ हवा होता. जेमतेम तीन मिलिमीटरचा. मी काढला तो मांजर झाला, आणि तेही ओशाळलेलं. आमच्या वाड्यावर गणपतीची चित्रशाळा आहे, तिथल्या काकांकडे गेलो. श्रावण चालू होता, मूर्ती रांगेनं पांढऱ्या उभ्या, काकांना मान वर करायला सवड नाही. त्यांनी भिंगातून वाघ पाहिला. "डोळ्यानं घात केलाय," म्हणाले. "एवढ्याशा तोंडाला डोळा कशाला? पुसा. पट्टा द्या पाठीवर दोन." आणि गणपतीच्या पापण्या आखायचा, चार केसांचा असेल, असा कुंचला दिला. डोळा पुसला. वाघ झाला.

राहता राहिला रंग. खोक्यावरचं विमान आख्खं गडद करडं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांनी पांढरी पोटं रंगवून टाकली, तेव्हाचं. आपली विमानं पुढच्या वर्षी आली ती वर गडद, खाली पांढरी अशी. पुढे पांढरं गेलं, करड्यावर करडं आलं. मला मिळालेले बहुतेक फोटो त्या नंतरच्या काळातले, आणि वाघही त्यातल्याच एकावरून घेतलेला. सगळी दुरुस्ती फोटो पाहून केली, तर रंगही फोटोचाच द्यावा, असं म्हणून करड्याची डबी उघडली.

आई खुर्चीत बसून पाहत होती. तिनं विचारलं, "पोटाला काय लावतोयस?"

"करडा."

"पांढरं होतं ते."

"आई, नंतर बदलला रंग."

"नंतरचं नंतर. मी गच्चीवर सोलं वाळत घालायचे तेव्हा डोक्यावर यायचं, पांढरं. बगळ्यासारखं." मग जरा थांबून, "वरून कुठला रंग होता ते मला काय ठाऊक! वरून कोण बघतंय?"

ते खरंच होतं. माझ्याही आठवणीत या विमानाला वरची बाजू नव्हतीच. डबी मिटली, पांढरा काढला.

पण पोट पांढरं केलं आणि विमान कपाटात ठेवलं तर पोट दिसणार कुणाला? म्हणून ते आईच्या खाटेवर, छताच्या हुकाला तंगुसानं टांगायचं ठरलं, दाबोळीला उतरताना दिसायचं तसं. चाकं बाहेर ठीक. तोंडं खाली वळवली. आणि मग झडपा आठवल्या. उतरताना इंजिन चालू, म्हणजे खालच्याही उघड्या हव्यात. ज्या मुद्दाम मिटलेल्या ठेवल्या त्या पुन्हा ब्लेड घेऊन कोरल्या. ज्या पायासाठी मिलिमीटरचा हिशेब केला तो पाय आता कशालाच टेकत नाही.

टांगलं. पंखा बंद केला. आई आडवी होऊन बराच वेळ बघत राहिली. विमान किंचित नाक फिरवत थांबलेलं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण चालवणारा कुठाय?"

उभ्या विमानात कोण बसलेलं असणार, म्हणून मी त्याला बसवलंच नव्हतं. खोकं काढलं. प्लास्टिकच्या सांगाड्याला चिकटलेला तो तिथेच होता, पाऊण इंचाचा, दोन्ही हात मांडीवर ठेवून. फेविकॉल पाण्यानं सुटतो, एवढं बरं. वाटीत कोमट पाणी घेतलं.